आईकडचा गडी

तुडीलच्या शर्मिलाच्या धाकट्या मुलाला, बुद्धरत्नला, जन्मापासून प्रथिनं नीट पचत नाहीत. त्यामुळे दूध, डाळ, मासळी बंद. मुंबईहून येणाऱ्या वेगळ्या पिठाची भाकरी आई त्याला करून देते आणि तो शेवटचा घास खाईपर्यंत जवळ बसते. थोरली समीक्षा समोर एकटीच कालवण भुरकते. “आई काय तुझ्या एकट्याची हाय?” असं त्याला रोज ऐकवते.

दोन्ही मुलांच्या आणि आईबापाच्याही जनुकांची तपासणी झाली. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आजोबांनी घरी सगळ्यांना सोपं करून सांगितलं. सारा जन्म त्यांनी मुलांना शिकवण्यात घालवला होता.

“या पचवायच्या कामाला अंगात दोन गडी असतात. एक बापाकडून येतो, एक आईकडून. रत्नाचा बापाकडचा गडी कामाला हातच लावत नाही. आईकडचा आळशी आहे, पण थोडं थोडं करतो. त्याच्या जोरावर दुखणं हलकं राहील, असा डॉक्टरांचा अंदाज आहे.”

इतके दिवस स्वतःलाच दोष देणाऱ्या शर्मिलानं रत्नाला मांडीवर ओढलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही.

“अन् माझे गडी, आजोबा?” समीक्षानं विचारलं.

“तुझे दोन्ही धडधाकट, बाय. आळशी एकही नाही.”

समीक्षाचा चेहरा उतरला.



“म्हणजे आईनं तोपण त्यालाच दिला.”