सांत्वनाचा धडा

"तो कुठाय?" फोनवर ढब्बूचा मामा होता.

"अंघोळीला गेलाय. बोलावू का?"

"नको. तू कोण?"

"त्याच्याच खोलीतला. इथे सगळे लंबू म्हणतात मला."

मामा गप्प झाला. फोन कटला की काय, असं लंबूला वाटलं. मग आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"नीट ऐक, बाळ. त्याचे वडील गेले. काल वाटेत गाडी उलटली. आम्ही उद्या संध्याकाळी न्यायला येतोय. तोवर त्याला काही कळू देऊ नकोस. आणि तू जेव वेळेवर. सांभाळ स्वतःला."

लंबूने रिसीव्हर ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बाथरूममध्ये ढब्बू जपानी क्रियापदं मोठमोठ्याने घोकत होता, सगळी चुकीची.

मिशनच्या प्रशिक्षण केंद्रात दोघं एकाच दिवशी आले होते. एक ताडासारखा, एक गोल. स्वयंपाकघरातल्या मावशींनी पहिल्याच जेवणात दोघांचं बारसं केलं आणि खरी नावं मागे पडली. आता महिन्याभरात ते जपानला निघणार होते. तिथे गेलं की दोन वर्षं घरी यायचं नाही, असा नियम होता. म्हणून येत्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी निरोपाची प्रार्थना ठेवली होती आणि घरच्यांना बोलावलं होतं.

ढब्बूचे वडील छापखाना चालवायचे. ते स्वतःच्या गाडीने येणार होते. लंबूला वडील नव्हते. आईने शिवणकाम करून त्याला वाढवलं होतं, आणि मशीनचं पायडल मारून मारून तिचे गुडघे गेले होते. गेल्या शनिवारी ती फोनवर म्हणाली होती, "एवढा प्रवास मला नाही रे झेपायचा. मी इथूनच प्रार्थना करीन." लंबू "बरं" म्हणाला होता आणि पुढे तुटकपणेच बोलला होता. सगळ्यांचं कुणी ना कुणी येणार होतं.

दुपारच्या वर्गाला ढब्बू उशिरा आला. डोळे लाल होते.

"साबण गेला," तो म्हणाला. "पाळकांनी बोलावलं होतं, पासपोर्टचं काहीतरी."

सकाळच्या अंघोळीचा साबण दुपारी कसा झोंबतो, हे विचारायचं लंबूला सुचलं नाही. स्वतःचा चेहरा सरळ ठेवण्यातच त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

जपानी शिकवणाऱ्या बाई तिकडे बरीच वर्षं राहून आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. ओकुयामि मोशिआगेमासु.

"कुणाच्या घरी कुणी गेलं की हे म्हणायचं. हळू म्हणायचं, वाकून म्हणायचं. हे म्हणताना जीभ अडखळली, तर तुमचं बाकीचं जपानी फुकट. जोड्या करा."

आजच हा धडा यायचा होता. समोर ढब्बू उभा होता. आजवर एकही वाक्य ज्याच्या तोंडून धड आलं नव्हतं, तो कमरेत वाकला आणि ते वाक्य म्हणाला. एकही अक्षर न चुकता. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता तू, लंबू."

लंबूने दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पहिल्याच शब्दापाशी अडला. बाईंनी काही बोलायच्या आत ढब्बूच म्हणाला, "राहू द्या, बाई. त्याला आज बरं नाहीये."

त्या दिवशी ढब्बूने लंबूचे शर्ट धुऊन टाकले. जेवताना त्याच्या ताटात स्वतःचं अर्धं वाढलं. लंबूला खाववेना, पण ढब्बूचं मन मोडवेना म्हणून तो घास ढकलत राहिला. ज्याच्यावर आभाळ कोसळलंय तोच आपली ऊठबस करतोय, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार घरी फोन करायचा वार. ढब्बूला फोनपासून दूर कसं ठेवावं, या काळजीत लंबू सकाळपासून होता. पण नाश्ता झाल्यावर ढब्बूच म्हणाला, "आज फोन नको करायला. दोघांनीही. रांग बघ केवढी आहे. चल, पाठांतर करू."

लंबूला सुटल्यासारखं झालं. दिवसभर दोघं खोलीत बसले, पुस्तक उघडं ठेवून. पान काही उलटलं नाही.

संध्याकाळी ते फाटकाजवळच्या पायऱ्यांवर येऊन बसले. रस्त्यावर कुठलीही गाडी दिसली की लंबू उठून उभा राहायचा. शेवटी त्याला राहवेना. मामा गाडीतून उतरून सांगण्यापेक्षा आपल्या माणसाकडून कळलेलं बरं.

"ढब्बू, काल सकाळी तुझ्या मामाचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुझे बाबा..."

"माहीत आहे मला."

लंबू गर्रकन त्याच्याकडे वळला.

"काल पाळकांनी बोलावलं ना, तेव्हाच त्यांचा चेहरा बघून कळलं. मामाने त्यांनाही कळवलं होतं. मग मीच खोदून खोदून विचारलं."

"आणि दोन दिवस असा हिंडतोयस? माझे शर्ट धुतोयस? रडायचंस तरी माझ्यापाशी. मी काय परका होतो?"

ढब्बूने त्याचे दोन्ही हात धरले. लांब वळणावर गाडीचे दिवे दिसले.

"बाबा एकटे नव्हते गाडीत," तो म्हणाला. "तुला न सांगता यायचं होतं तिला, म्हणून वाटेत ते तुझ्या आईला घ्यायला थांबले होते."