सुटला कोणी नाही

“ताई, ही लस माझ्या अंगातून काढता नाही येणार?” डायलिसिस घेता घेता दिगंबरने विचारलं.

डॉ. शर्वाणी बोरवणकरांच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनेच ती बनवली होती. टोचायची गरज नव्हती. श्वासातून ती माणसामाणसांत पसरली आणि वर्षभरात क्षयाचे वॉर्ड ओस पडले. पण तिने चेतवलेली प्रतिकारशक्ती दिगंबरला बसवलेल्या मूत्रपिंडावरच उलटली. ते शर्वाणींनीच आपल्या धाकट्या भावाला दिलेलं होतं.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “कुणी सुटू नये म्हणून थांबवायची सोयच ठेवली नाही आम्ही.”

नळ्या तपासणारी नर्स त्यांना ओळखून म्हणाली, “मॅडम, तुमच्या लसीने माझी लेक वाचली.”

शर्वाणींना मान वर करवेना. शेवटी दिगंबरच म्हणाला, “काय नाव लेकीचं?”