मागे वळायचं नाही

"मागे बघू नका. पुढे चला," बायको म्हणाली.

कवी चालू लागला. दवाखान्याचा बोळ लांबलचक, फिनाईलच्या वासाचा. नऊ नंबरच्या खोलीपासून मोठ्या दारापर्यंत चाळीस पावलं. तेवढी धड झाली तर आज घर, नाहीतर आणखी पंधरा दिवस इथेच. व्यायामवाल्या बाईंची अट एकच होती: मागे वळायचं नाही, वळलात की तोल गेलाच म्हणून समजा.

त्याच्या मागे चाकाच्या खुर्चीची चाकं कुरकुरत होती. मधूनच बायकोचा दमलेला श्वास. अकरा दिवसांत तिला नीट झोप नव्हती.

"तुमची ती पाताळाची कविता म्हणा. वाट सरेल."

ग्रीकांची जुनी गोष्ट त्याने इथे पडल्या पडल्या नव्याने रचली होती. ऑर्फियस नावाचा गवई मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात जातो. देव म्हणतात, ती मागून येईल, वळून बघू नकोस. तो बघतो. ती कायमची जाते.

भिंतीच्या दांड्यावर बोटांनी मात्रा मोजत तो म्हणाला,

"माझ्या गाण्याला पाय फुटले,
तुझ्या पावलांना आवाज फुटेना…"

"ती गप्प का?"

"मेलीये अगं ती!"

"मेली तरी बायकोच ना? एवढ्या वाटेत एक शब्द बोलणार नाही? तोंड शिवलंय तिचं?"

हजारो वर्षं कवींनी त्या गवयाच्या आसवांवर दुकानं चालवली. बाईला कुणी विचारलं नाही. यानेही नाही. त्याला ते लागलं, आणि हसूही आलं.

"हसणं घरी गेल्यावर. एकोणतीस झाली."

तिसाव्या पावलाला चाकं थांबली. श्वासही ऐकू येईना. त्याची मान वळायला लागली.

"बघाल तर याद राखा!" मागून आवाज कडाडला. "चपलेचा अंगठा तुटलाय मेला. आहे मी. निघा!"

"हीच ओळ टाकतो तिच्या तोंडी," तो म्हणाला. "कवितेत नुसता गवईच बडबडत होता."

"टाका. आणि नाव माझं घाला."

चाकं पुन्हा कुरकुरली. छत्तीस. अडतीस. दारातलं ऊन त्याच्या पायांवर आलं. चाळीस.

व्यायामवाल्या बाईंनी कागदावर सही ठोकली आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "वहिनी, न्या यांना घरी. आणि ती रिकामी खुर्ची ढकलत बसू नका आता, यांना नाही लागायची ती."