साहेब, मागे बसा

"ताई, इथे सही करा," मॅनेजर म्हणाला आणि टाइप केलेला कागद त्याने तिच्यापुढे सरकवला.

तिने तो उभ्यानेच वाचला. रक्ताचे नमुने आणायला नेमून दिलेल्या सगळ्या घरी मी गेले नाही, अशी कबुली होती. लॅबने सहा जणांना सहा सारख्याच मोटरसायकली दिल्या होत्या. बाकी पाचांच्या गाड्या लिटरला चाळीस किलोमीटर देत होत्या. हिची सत्तर.

"सत्तर कुठली गाडी देते हो?" मॅनेजर म्हणाला. "फिरलीच नसणार."

"मीटर बघा की."

"मीटर काय, ड्रिल लावूनही फिरवता येतो. पेट्रोल खोटं बोलत नाही."

"मी घरी गेले नाही, तर रक्त कुणाचं आणलं?"

"तेच तर मी विचारतोय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौथ्या मजल्यावरचे ते अंथरुणाला खिळलेले आजोबा तिला आठवले. शीर सापडेपर्यंत त्यांची लेक त्यांचा हात उचलून धरायची. सोमवारी दोन वेळा सुई घालावी लागली होती, आणि आजोबाच हिला म्हणाले होते, घाबरू नकोस.

"मग पेट्रोललाच विचारू," ती म्हणाली. "चला खाली. तो कागद खिशात असू द्या."

अंगणात तिने टाकीची नळी काढून सगळं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू सैल करून तिथले थेंबही काढले. लॅबमधून रेघांचं काचेचं माप मागवलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बरोबर एक लिटर टाकीत ओतलं. पाचही जण चहाचे कप घेऊन भोवती उभे होते.

"कासवताई, उद्यापर्यंत या हं परत," एकजण म्हणाला. बाकीचे फिदीफिदी हसले.

तिने हेल्मेटचा पट्टा आवळला. "साहेब, मागे बसा. अंतर तुमच्याच फोनवर मोजा."

"मी? मला बैठक आहे."

"मलाही सहा घरं होती आज. ती तुम्ही दुसऱ्याला दिलीत."

पाच जण बघत होते. मॅनेजर बसला. गाडी मागून चांगलीच दबली.

दूरवर सिग्नल लाल झाला, तसा तिने तिथूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गाडी आपल्या वेगाने घरंगळत निघाली. दोन्ही बाजूंनी लोक सुसाट पुढे गेले.

"अहो, पळवा ना! सगळे गेले पुढे."

"कुठे गेले? ते काय उभे आहेत."

खरंच, सगळे सिग्नलला उभे होते, इंजिनं गुरगुरवत. तिने त्यांच्या मागे जाऊन आपलं इंजिन बंद केलं.

शहर संपलं, हमरस्ता लागला. काटा पंचेचाळीसवर चिकटवल्यासारखा स्थिर होता. तीस किलोमीटर झाल्यावर मॅनेजरने विचारलं, "काय केलंय काय या गाडीला?"

"रविवारी प्लग काढून घासते. हवेची जाळी झाडते. चेन फार ताठ नाही, फार सैल नाही. टायरमध्ये हवा. उभ्या गाडीचं इंजिन जेमतेम श्वास घेईल, एवढंच ठेवते."

"एवढंच?"

"तुमच्या त्या पाचांना विचारा, प्लग कुठे असतो."

चाळीस झाले. मॅनेजरने खांद्यावर टकटक केलं. "झाले चाळीस. मानलं. वळवा आता."

तिने वळवली नाही.

"अहो, मानलं म्हणतोय ना!"

"वाद सत्तरचा होता."

"पण मी मागे बसलोय!"

"तेवढं वजा करू."

पन्नासला त्याचा फोन वाजला. त्याने तो कापला. साठला तो सीटवर सारखी बैठक बदलू लागला. त्रेसष्टला इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. गाडी कडेच्या खडीवर कुरकुरत थांबली. वर टळटळीत ऊन होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

मॅनेजर पाय चोळत उतरला. फोनकडे बघत राहिला. मग खिशातून कागद काढून म्हणाला, "फाडून टाकतो. विषय संपला."

"फाडू नका. खाली लिहा."

"काय लिहू?"

"जे बघितलंत ते."

त्याने घाम पुसला. सीटवर कागद ठेवून लिहिलं: एक लिटरमध्ये त्रेसष्ट किलोमीटर, मी स्वतः मागे बसलो होतो.

"आणि मी सगळ्या घरी जाते, हे?"

त्याने फोनवरचा आकडा पुन्हा पाहिला. मग तेही लिहिलं.

"सही. तारीख."

तिने कागद दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. त्याच पिशवीतून, निघताना कॅनमधून मापून भरलेली पेट्रोलची बाटली काढून टाकीत रिकामी केली आणि किल्ली त्याच्यापुढे धरली.

"परतीला तुम्ही चालवा."

"मी? किती वर्षं झाली हात लावून!"

"बरोबर एक लिटर आहे. तुमच्या त्या पाच पोरांसारखी चालवलीत, तर शेवटचे वीस किलोमीटर ढकलत न्यावी लागेल. वाटेत पंप नाही."

त्याने रस्त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. किल्ली घेतली. पहिल्यांदा गाडी गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली, पण रखडत, कण्हत, अंग चोरल्यासारखी.

"ब्रेकवरचा पाय काढा, साहेब," ती मागून म्हणाली. "उगाच धरून ठेवलंय तिला."