ओरूचा जबडा

मास्तर जिना चढून वर आले तेव्हा आत भांडण रंगात आलं होतं, आणि त्यांना तेच बरं वाटलं. भांडणाऱ्यांचं दाराकडे लक्ष नसतं. तोंडावरचा कापडी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून ते मागच्या खुर्चीत टेकले. खिशातली किल्ली टेबलावर ठेवायची, तिच्याखाली राजीनाम्याची चिठ्ठी सरकवायची आणि कुणी हाक मारायच्या आत जिना उतरायचा, एवढंच काम होतं. किल्ली खिशात बोटांवर सारखी फिरत होती.

मंडळ म्हणजे टायपिंग क्लासच्या खोलीत दर रविवारी दुपारी जमणारी बारा-चौदा माणसं. बत्तीस वर्षं चाललेल्या एका अंतराळमालिकेपायी घरच्यांची बोलणी खाणारी. यंदा नव्या भागांत परग्रहावरच्या ओरूचा चेहराच बदलला होता. जुन्या ओरूचा जबडा खोक्यासारखा भरभक्कम. नव्याला हनुवटीच्या जागी नुसता उतार. त्यावरून मंडळाचे दोन तट पडले होते आणि आज प्रकरण हमरीतुमरीवर आलं होतं.

जुन्या जबड्याचे पहिले वकील मास्तरच. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, चेहऱ्याच्या बाबतीत एक रेघ इकडची तिकडे झालेली खपत नसे. नव्या ओरूचं पहिलं चित्र आलं तेव्हा मूठ आपटून ते म्हणाले होते, की चेहरा गेला की ओरू गेला, हा कुणीतरी तिसराच. त्यानंतर पंधराच दिवसांत डॉक्टरांनी त्यांचा डावा अर्धा जबडा काढला. ऑपरेशनचं सगळ्यांना ठाऊक होतं. पण चार महिन्यांत चेहरा कुणी पाहिला नव्हता. भेटायला येणाऱ्यांना मास्तर बायकोकरवी दारातूनच वाटेला लावत. मंडळातल्या केमिस्टला तर दोनदा लावलं होतं.

"मास्तर! किल्ली आणलीत?" टायपिंगवाल्या बाईंनी त्यांना पाहिलंच. क्लास त्यांचा, म्हणून अध्यक्षपदही त्यांचं. "चार महिने या लोकांनी डोकं उठवलंय माझं."

खोटं नव्हतं. बोलायचं असेल त्याने ओरूचा रबरी मुखवटा घालायचा आणि संपलं की काढून पुढच्याला द्यायचा, असा मंडळाचा नियम. मुखवटा कपाटात आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या खिशात, त्यामुळे इतके दिवस सगळे एकदमच बोलत होते. दुसरा नियम केमिस्टने घुसडलेला: मुखवटा घालण्याआधी तो आतून स्पिरिटच्या कापसाने पुसायचा. हा बाबा सख्ख्या बायकोच्या ग्लासातलं पाणी पीत नाही, म्हणून सगळे त्याची थट्टा करत आणि निमूटपणे पुसत.

मास्तरांनी कपाट उघडलं. आता निघणार तोच बाईंनी मुखवटा त्यांच्याच हातात दिला. उघडेल त्याने आधी बोलायचं, हीही रीत होतीच.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, मास्क काढला आणि मुखवटा चढवला. आत जुन्या रबराचा ओळखीचा वास होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना लोकांसमोर मोकळा श्वास घेता आला.

"मी मत बदललेलं नाही," ते म्हणाले. शब्द ओले, बोबडे येत होते, म्हणून ते सावकाश बोलले. "नवा चेहरा मी रोज सकाळी बघतो. सवय होईल म्हणतात. होत नाही. तो हा नव्हे."

बाई यंत्रावरचं कव्हर उगाच सारखं करू लागल्या.

मास्तरांना पुन्हा भिंतीकडे वळायचं होतं. पण वीस वर्षं त्यांचं प्रत्येक वाक्य खोडून काढणारा केमिस्ट उठून समोर येऊन उभा होता, हात पुढे करून. नव्या चेहऱ्याच्या बाजूचा तो एकटाच म्हातारा. बोलायची पाळी त्याची होती.

त्यांनी मुखवटा काढला.

खोलीतल्या नजरा खाली गेल्या. केमिस्टची गेली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी तसं त्याने बसलेला गाल, वाकडा ओठ, शिवणीची रेघ वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतली. मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांच्या वाकड्या ओठातून पाणी गळे. बायकोने त्यासाठी खिशात चार रुमाल कोंबले होते. मुखवट्याच्या आत ते पाणी साचलेलं दिसत होतं. त्यांनी घाईघाईने रुमाल काढला, पण तोवर केमिस्टने मुखवटा त्यांच्या हातातून घेतला होता.

बाईंनी सवयीने स्पिरिटची बाटली पुढे केली. केमिस्टने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने मुखवटा तसाच डोक्यावरून खाली ओढला. ओल त्याच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरली.

"मास्तर, तू वीस वर्षं चुकतोयस," आतून आवाज आला, "आणि आजही चुकतोयस. हा तोच आहे. तेवढाच हेकट."

मास्तरांचा कापडी मास्क टाइपरायटरवर पडला होता. तो उचलायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना भयंकर राग आला होता, पूर्वी यायचा तसा.

"आण तो इकडे," त्यांनी हात पुढे केला. "मला उत्तर द्यायचंय."

"थांब," केमिस्ट आतून म्हणाला. "माझं संपलेलं नाही."