उजवीकडची दांडी

शालन टीव्हीच्या मागे अंग चोरून उभी होती आणि तिच्या हातात दोन वायरी होत्या. एक जुन्या व्हिडिओ गेमची, चपटी. दुसरी केबलची, गोल. नव्या टीव्हीला मात्र भोक एकच.

"केबल काढायची नाही हं," जाईबाईनं ओट्यापाशी भांडी घासता घासता बजावलं. "एकदा निघाली की तो केबलवाला मधु परत लावायला आठ-आठ दिवस फिरकत नाही."

"काढत नाही गं आई. दोन्ही एकत्र बसवते."

गेम मामानं मस्कतहून आणलेला, शालन चौथीत असताना. पडद्याच्या दोन कडांना दोन उभ्या दांड्या, मध्ये उड्या मारणारा चेंडू, आणि खेळणाऱ्या दोघांच्या हातात रेडिओला असतं तसं एकेक गोल बटण. बटण फिरवलं की दांडी वर-खाली. तेव्हाच्या शटरवाल्या टीव्हीला तो दोन स्क्रूंनी लागायचा. यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला घरात रिमोटवाला रंगीत टीव्ही आला, त्याला स्क्रूच नव्हते.

खाटेवर शालनचा बाप, शिवराम बसला होता. उभं आयुष्य रेयॉन कंपनीत चालत्या मशीनवर तुटलेला धागा जोडला त्यानं. थंडीत अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तोच उजवा हात गेला. बोटांना काम द्या, हात परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यानं खाटेखाली ढकलला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. शिवरामची मूठ वळतच नव्हती, तरी तो ती टॉवेलखाली झाकून बसायचा. गॅलरीत जाणं बंद. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. आजारानं माणूस खचतो त्याहून जास्त बघणाऱ्यांच्या 'अरेरे'नं खचतो, आणि मोहने गावातल्या त्या चाळीत 'अरेरे' म्हणणाऱ्यांना तोटा नव्हता.

शालननं दातांनी वायरी सोलल्या, तारेला तार पिळली आणि दोन्ही त्या एकाच भोकात कोंबून वर काडेपेटीची काडी खुपसली. मग समोर येऊन रिमोट दाबत बसली. बातम्या गेल्या, गाणी गेली, साबणाची जाहिरात गेली. मधु रविवारी दुपारी जिथं पिक्चर लावायचा तो नंबर आला. पिक्चरला अजून वेळ होता, तिथं नुसत्या मुंग्या होत्या. त्या मुंग्यांतून हळूहळू दोन पांढऱ्या दांड्या उभ्या राहिल्या.

"आबा, आला! बघा, आला!"

शिवरामनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "नको. लोक हसतील."

"लोक कुठायत इथं? मी आणि आई." तिनं उठून दार लावलं, वर कडी घातली. "आता?"

त्यानं मान परत पडद्याकडे वळवली. शालननं टॉवेल बाजूला केला आणि त्याची बोटं एकेक करून बटणावर ठेवली. फार दिवसांनी तो हात उजेडात आला होता. तिनं डावीकडच्या दांडीचं बटण धरलं आणि चेंडू सोडला.

उजवीकडची दांडी जागची हललीच नाही. मग थरथरली. चेंडू वरून जायचा तेव्हा ती खाली असायची, आणि ती वर पोचेपर्यंत चेंडू खालून गेलेला असायचा. शालननं मुद्दाम एक चेंडू हुकवला, तर आबांनी असं बघितलं की पुन्हा तिची हिंमत झाली नाही. शिवरामच्या कपाळावर घाम आला. जाईबाई भांडी तशीच टाकून, ओले हात पदराला पुसत येऊन उभी राहिली.

पुन्हा चेंडू आला. दांडी लटपटत वर चढली.

टक.

चेंडू परत फिरला आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून कोणीतरी ओरडलं, "हाण तिच्यायला!" खालच्या मजल्यावर टाळ्या पडल्या.

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. भिंतीवर थाप पडली, पाठोपाठ शेजारच्या केशरबाईचा आवाज. "अगं शालन, तुमच्याकडे पण लागलंय का? मधुनं पिक्चरच्या जागी काय सोडलंय बघ! सगळी चाळ तेच बघत बसलीय. डावीकडचा बरा आहे गं, पण तो उजवीकडचा! किती थरथरतो मेला! आता कुठं एक मारला त्यानं."

शालनच्या लक्षात आलं. मधुची वायर या घरातून त्या घरात अशीच फिरलेली होती. तिनं गेमची वायर त्याच वायरीला पिळली होती. त्या वाटेनं चित्र घरात येत होतं, आणि त्याच वाटेनं त्यांचा गेम घरोघर गेला होता. पिक्चरची वाट बघत बसलेल्या चाळीनं आबांचं हरणं पहिल्या चेंडूपासून पाहिलं होतं.

ती उडी मारून टीव्हीच्या मागे गेली, वायर उपटायला.

"थांब," शिवराम म्हणाला.

"आबा, काढते ना. कोणाला काय कळत नाही, पडद्यावर नुसती दांडी दिसते."

शिवराम भिंतीकडे वळला. झटक्यानंतर त्याचा आवाज या खोलीबाहेर गेला नव्हता. जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवत तो ओरडला, "केशरवहिनी, उजवीकडचा... मी आहे!"

जाईबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मग भिंतीवर दाणदाण थापा पडल्या.

"अहो भाऊ, मग खाली घ्या ना, खाली! बॉल खालनं जातोय!"