घरची कडी

आमच्या शेजारच्या किल्लीवाल्याकडून उघडलं नाही असं कुलूप अख्ख्या गावात सापडायचं नाही. आज मात्र स्वारी हत्यारांची पिशवी घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभी होती. “दुनियेच्या कुलपांना तेल घालता आणि घरची कडी वर्षभर करकरतेय,” म्हणत वहिनींनी तीच कडी आतून लावून घेतली होती. आतल्या कडीपुढे किल्ली बिचारी काय करणार? आम्ही शेजारी कठड्याला टेकून मजा बघत होतो. शेवटी त्यानं नाक मुठीत धरून माफी मागितली. आतून खडखड झाली, पण दार उघडेना. “अहो, कडी अडकली!” “थांब, बिजागऱ्या काढतो.” “त्यांचे स्क्रू आतून आहेत. चोराच्या भीतीनं तुम्हीच तसे बसवलेत.” तेवढ्यात दाराखालच्या फटीतून एक कार्ड बाहेर सरकलं: पलीकडच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याचं. “यांना फोन करा. तेल घालायला संध्याकाळी येणारच होते, म्हणावं आत्ताच या.”